दीडशे टन कोळसा

ज्याची उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, त्याला शिडांचं कौतुक सहसा नसतं. मलाही नव्हतं. ज्याला ठरल्या दिवशी बंदर गाठायचं आहे त्याने वाऱ्याच्या नादी लागू नये, एवढं साधं माझं मत होतं. निवृत्तीनंतर जुन्या आरमारांबद्दल वाचायचा छंद जडला, तेव्हाही हे मत सोबत घेऊनच मी वाचत होतो. त्यात सगळ्यात जास्त चेष्टा केली ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ब्रिटिश स्लूपची. आरमाराच्या उतरंडीत फ्रिगेट आणि कॉर्वेटच्या खालची, गनबोटीच्या वरची ही जहाजं. शंभर-दीडशे माणसं, मोजक्या तोफा, आणि बहुधा कमांडर हुद्द्याचा अधिकारी. तीन डोलकाठ्या, त्यांच्यामध्ये एक धुराडं, वर शिडं आणि पोटात बॉयलर. धड गलबत नाही, धड आगबोट नाही.

मित्रमंडळींत बोलताना मी एक दाखला हमखास द्यायचो. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश आरमाराने दोन स्लूप पाठीला पाठ लावून दोरखंडाने एकमेकांना बांधले. 'रॅटलर'ला मागे पाण्याखाली पंखा, 'अलेक्टो'ला दोन्ही बाजूंना चाकं. ताकद जवळपास सारखी. इंजिनं पूर्ण जोरात सुटली आणि 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला सुमारे अडीच नॉट्सच्या वेगाने उलटं ओढत नेलं. (खरं तर तोवर पंख्याच्या जहाजांच्या मागण्या नोंदवूनही झाल्या होत्या. ही रस्सीखेच परीक्षेपेक्षा लोकांना दाखवण्यासाठीच जास्त होती.) म्हणजे पंख्याचा निकाल १८४५ सालीच लागला होता. मग तेहतीस वर्षांनी, ३१ ऑगस्ट १८७८ रोजी, शीरनेसच्या सरकारी गोदीतून 'गॅनेट' नावाचा स्लूप पाण्यात उतरवताना त्याच्यावर तीन डोलकाठ्या कशाला? उत्तर मी तयारच ठेवलं होतं. अॅडमिरल म्हातारे, शिडांवर लहानाचे मोठे झालेले. इंजिन नाइलाजाने घेतलं, पण जुनी सवय सोडवेना.

हे मत हललं ते एका आकड्यामुळे. कुठलंही जहाज समोर आलं की इंजिनवाला आधी दोनच गोष्टी विचारतो: बंकर, म्हणजे कोळशाची कोठी, किती आणि खप किती. 'गॅनेट'बद्दल मी इतकी वर्षं बोलत होतो, पण हे दोन प्रश्न कधी विचारले नव्हते. १७० फूट लांबीचं, ३६ फूट रुंदीचं, ११३० टनांचं हे जहाज सुमारे १५० टन कोळसा घेऊन निघायचं. १० नॉट्सच्या वेगाने तेवढ्या कोळशावर ते १४८० सागरी मैल जाऊ शकत होतं. म्हणजे तासाला साधारण एक टन, आणि सहा दिवसांत बंकर रिकामं.

मुंबईहून एडन सुमारे १६५० सागरी मैल आहे.

मी तो हिशेब पुन्हा केला. भर समुद्रात, एडन दिसायच्या दीडशे-पावणेदोनशे मैल आधी, 'गॅनेट'च्या भट्ट्या विझल्या असत्या. वेग वाढवून पाहावा तर आणखी लवकर, कारण वेग थोडा वाढवायचा तरी ताकद कितीतरी जास्त लागते. साडेअकरा नॉट्सच्या आसपास त्याची कमाल होती आणि त्यासाठी अकराशे अश्वशक्ती खर्ची पडायची. उलट चांगला वारा मिळाला, तर हेच जहाज शिडांवर १५ नॉट्सपर्यंत पळायचं, आणि कोळशाचा खप शून्य.

मग कोळसा जास्त का भरला नाही? माझ्या मनातही हेच पहिल्यांदा आलं. पण १७० फुटांत जवळपास १४० माणसं, त्यांचं महिनोन्महिन्यांचं खाणं, पिण्याचं पाणी, दारूगोळा, इंजिन आणि बॉयलर बसवून झाल्यावर जी जागा उरते ती तेवढीच. जहाज मोठं करावं तर ते स्लूप राहत नाही. मग ते महाग होतं, त्याला माणसं जास्त लागतात, आणि जगभरच्या किनाऱ्यांवर तशी डझनावारी जहाजं ठेवता येत नाहीत. शिवाय परक्या बंदरात कोळसा असायचा तो तरी कुठून? मुंबई आणि एडनच्या वखारींत बराचसा कोळसा यायचा वेल्समधून, आणि तो आणणारी जहाजं पुष्कळदा शिडांचीच असायची. वाफेला लागणारं अन्न शिडांच्या पाठीवरून येत होतं, आणि मी शिडांना हसत होतो. 'गॅनेट'ची पहिली नेमणूक प्रशांत महासागरातली, १८७९ ते १८८३ या काळातली. कॅनडाच्या एस्क्विमाल्टपासून चिलीपर्यंतचा किनारा आणि मधली बेटं एवढा मोठा त्याचा इलाका. दीडशे टनांत तिथे काय होणार?

एवढं कळल्यावर बाकीच्या गोष्टी नीट पाहाव्याशा वाटल्या. सांगाड्यापासून सुरुवात केली, कारण माझा राग सगळ्यात जास्त त्याच्यावर होता. 'गॅनेट'च्या फासळ्या लोखंडी आणि वरच्या फळ्या सागवानी. इथेही अर्धवटपणा, असं मी म्हणत आलो होतो. लोखंड मिळत होतं तर सगळं जहाज लोखंडी का नाही? कारण उष्ण समुद्रात लोखंडी तळाला शेवाळ आणि शिंपले इतके भराभर चिकटतात, की काही महिन्यांत वेग चांगलाच घटतो. तळ घासायला सुकी गोदी हवी, आणि ती हजारो मैलांवर. यावर जुना आणि पक्का उपाय तांब्याच्या पत्र्याचा. त्याच्यावर काही रुजत नाही. पण तांबं थेट लोखंडावर ठोकलं, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये वीज वाहू लागते आणि लोखंड कुरतडलं जातं. म्हणून मध्ये जाड लाकूड. पूर्ण लाकडी जहाज करावं तर पंख्याच्या सततच्या थरथरीने सांधे सैल होतात, म्हणून आत लोखंडी फासळ्या. सागच निवडला, कारण ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडाला खातं, सागाच्या तेलाने तसं होत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधून हे लाकूड काय चीज आहे ते इंग्रजांना आधीच दाखवून दिलं होतं. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही हार्टलपूलला तरंगतंय. तीन पदार्थ, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा दोष झाकायचा. मी इंजिनियर आहे. असं काम ज्याने केलं त्याच्यापुढे टोपी काढावीच लागते.

इंजिनही मुकाट्याने पाहिलं. सिलिंडर आडवे झोपवलेले, म्हणजे सगळी यंत्रणा पाण्याच्या पातळीखाली आणि शत्रूच्या गोळ्यापासून सुरक्षित. आडव्या सिलिंडरची झीज एकाच बाजूला जास्त होते, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. लढाऊ जहाजात तो सौदा त्यांनी समजून केला होता. या पिढीच्या बऱ्याच जहाजांत धुराडं दुर्बिणीसारखं आत सरकवता यायचं आणि पंखा विहिरीतून वर ओढून घेता यायचा, म्हणजे शिडांवर जाताना पाण्याला अडथळा नको. 'धुराडं वर, पंखा खाली' हा हुकूम आरमारात रोजचा होता. पूर्वी या हुकमाची मी नक्कल करून लोकांना हसवत असे.

तरीही इथवरचा बदल कागदावरचाच होता. तो पक्का झाला या जहाजांची रोजची नोकरी कळल्यावर.

ती समजावून घ्यायची तर 'गॅनेट'च्या आधीच्या पिढीत, एडवर्ड रीडने आराखडा केलेल्या 'अॅमेझॉन' वर्गातल्या लाकडी स्लूपांकडे जावं लागतं. त्यांतले 'डॅफ्ने', 'ड्रायड' आणि 'निंफ' १८६०च्या दशकाच्या अखेरीस हिंदी महासागरात होते. काम गुलामांचा व्यापार रोखण्याचं. 'डॅफ्ने'चा जॉर्ज सलिव्हन आणि 'ड्रायड'चा फिलिप कोलंब या दोघांनीही त्यावर पुस्तकं लिहिली. दोन्ही १८७३ सालची. नैऋत्येचा वारा सुरू झाला की झांजीबारकडची अरबी ढाऊ गलबतं गुलाम भरून ओमान आणि इराणच्या आखाताकडे सुटत. स्लूपने किनाऱ्यापासून दूर दबा धरायचा आणि आपल्या होड्या नदीमुखांवर, खाड्यांवर पाठवून द्यायच्या. कित्येकदा त्या होड्या आठवडेच्या आठवडे मूळ जहाजापासून लांब राहत. उन्हात, तापात, टिनातल्या मांसावर आणि बिस्किटांवर. कामाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणं.

आणि वाट पाहायला वाफ अगदी निकामी. बॉयलर थंड केला तर पुन्हा वाफ धरायला तास मोडतात. विस्तव दाबून ठेवला तरी तो कोळसा खातच राहतो, थांब्यावर इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या रिक्षासारखा. शिडांवर मात्र जहाज त्याच पट्ट्यात महिनाभर येरझाऱ्या घालू शकतं. मग क्षितिजावर तिरकं शीड दिसलं, वारा पडला, किंवा ढाऊ उथळ पाण्याकडे वळली, की तेव्हा वाफ. सगळा कोळसा त्या काही तासांसाठी राखलेला. मी आयुष्यभर ज्या जहाजांवर होतो ती एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात जाणारी होती. त्यांच्या मापाने मी या पहारेकऱ्यांना मोजत होतो. म्हाताऱ्या अॅडमिरलांवर खुशाल जुनाटपणाचा आरोप करा, पण या नोकरीसाठी १८६८ साली मला जहाज बांधायला सांगितलं असतं, तर मीही डोलकाठ्या मागितल्या असत्या.

जहाज आवडू लागलं की त्याच्या कामाबद्दलही माणूस मऊ होतो. हे माझ्याही बाबतीत झालं, म्हणून त्याबद्दल उघड बोलतो. या गस्तीची एक बाजू आपल्या नाशिकपर्यंत येते. सोडवलेल्या आफ्रिकी माणसांपैकी काहींना मुंबईला उतरवत, आणि त्यांतली पुष्कळ मुलं नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. मृत्यूच्या ठिकाणी अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने म्हटली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो उभा होता. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने पुढे मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलं आणि नाशिकची बरीच मंडळी तिकडे गेली. हे वाचताना ऊर भरून येतो, नाही असं नाही.

दुसरी बाजूही त्याच कागदपत्रांत आहे. सोडवलेल्या प्रत्येक गुलामामागे खलाशांना पाच पौंड बक्षीस होतं. गुलाम सापडले नाहीत, तर जप्त केलेल्या ढाऊच्या टनांवर रक्कम मिळायची. जहाज बंदरापर्यंत ओढत नेणं त्रासाचं, म्हणून पुष्कळदा जागीच माप घेऊन जाळून टाकलं जाई, आणि बक्षीस मापावर असल्यावर माप कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. कायदेशीर व्यापार करणाऱ्या ढाऊही त्यात जळाल्या. झांजीबारचे व्यापारी ओरडले. त्यांत कच्छहून गेलेले कितीतरी होते. खुद्द ब्रिटिश वकिलातीतल्या जॉन कर्क यांनीही तक्रारी केल्या आणि पुढे नियम कडक करावे लागले. झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला तो सुलतान बर्गाश यांनी जून १८७३ मध्ये, नाकेबंदीच्या धमकीखाली, तहावर सही केल्यावर. सुटका खरी, जाळपोळही खरी, आणि दोन्ही एकाच डेकवरून. जहाजाच्या रचनेबद्दल माझं मत बदललं, म्हणून साम्राज्याच्या पोलिसगिरीचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.

भट्टीपुढे कोण उभं होतं, हेही मी उशिराच पाहिलं. या भागातल्या ब्रिटिश जहाजांवर तापलेल्या भट्टीखान्यात आगवाले म्हणून सिदी भरती करत. त्यांतले काही स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेले. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात गोव्याचे कारभारी असायचे. 'गॅनेट' १८८८ साली तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनला वेढ्यात सापडलेल्या ठाण्याच्या मदतीला होतं, सप्टेंबरात, जवळजवळ महिनाभर. त्या महिन्यात तिथल्या बॉयलरपुढे काय उष्मा असेल याची कल्पना मला वाचून करावी लागत नाही.

आता माझ्या जुन्या मताची जी बाजू शाबूत राहिली, तीही सांगतो. हिशेब बदलतो तेव्हा माणसानेही बदलायला हवं. १८५०च्या सुमारास एका अश्वशक्तीसाठी तासाला चार-पाच पौंड कोळसा जाळावा लागे. 'गॅनेट'च्या पिढीच्या कंपाउंड इंजिनांनी तो अडीच पौंडांच्या आसपास आणला. १८८०च्या दशकात वाफेचा तीनदा उपयोग करून घेणारी इंजिनं आली आणि खप दीड पौंडांकडे सरकला. तोवर जगभर कोळशाची ठाणीही उभी राहिली होती. शिडांचं काम तिथे संपलं होतं. तरी आरमाराने ती ठेवली, आणि आता कारण दुसरंच सांगितलं जाऊ लागलं: डोलकाठीवर चढल्याशिवाय खलाशी घडत नाही. १८८० साली 'अटलांटा' हे शिडांचं शिकाऊ जहाज २८१ जणांसह अटलांटिक महासागरात नाहीसं झालं, तरी हा युक्तिवाद टिकला. १८९८ साली पाण्यात उतरलेला 'कॉन्डॉर' हा पोलादी स्लूप पूर्ण शिडांनिशी बांधला गेला. डिसेंबर १९०१ मध्ये तो एस्क्विमाल्टहून होनोलुलूला निघाला, व्हँकुव्हर बेटाजवळ वादळात सापडला आणि सुमारे १४० माणसांसह बुडाला. त्याच्या उंच डोलकाठ्यांवर आणि आडव्या काठ्यांवर टीकेची झोड उठली. त्यानंतर मात्र लढाऊ जहाजांवरच्या शिडांचे दिवस भरले.

या घराण्याची शेवटची सहा भावंडं, 'कॅडमस' वर्गातली, १९०० ते १९०३ या काळात पाण्यात उतरली, आणि त्यांच्या कहाणीत मराठी माणूस अगदी जवळ येतो. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तेव्हा नदीतून तिला तोफांचं संरक्षण द्यायला 'एस्पीगल', 'ओडिन' आणि 'क्लिओ' हे त्यांतलेच तीन स्लूप होते. ३१ मे १९१५ रोजी कुर्ना इथे पुराच्या पाण्यातून सपाट स्थानिक होड्या वल्हवत चाल केलेल्या पलटणींत १०३वी मराठा लाइट इन्फंट्री होती, आणि मागून या स्लूपांच्या तोफा चालत होत्या. समुद्रासाठी बांधलेली ही जहाजं टायग्रिसमध्ये फार वर जाऊ शकली नाहीत. पाणी उथळ होत गेलं आणि एझ्राच्या कबरीजवळ त्यांना थांबावं लागलं. पुढे कुतपर्यंत आणि त्या भयंकर वेढ्यापर्यंत मराठे त्यांच्याशिवाय गेले.

'गॅनेट' वाचलं ते योगायोगाने. म्हातारपणी ते हॅम्बल नदीवरच्या एका नौकाशाळेतल्या मुलांची झोपायची जागा झालं. ही शाळा अनेक वर्षं चालवली ती रणजितसिंहजींबरोबर ससेक्सकडून खेळलेले क्रिकेटपटू सी. बी. फ्राय यांनी. १९६८ साली शाळा बंद पडली. आज ते चॅटमच्या जुन्या गोदीत, डोलकाठ्या आणि धुराड्यासह, दुरुस्त होऊन उभं आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं आता लंडनकडे असतात. तिकडे जाणं झालं तर एक दिवस काढा. वरच्या डेकवर फोटो काढून परतू नका, खाली उतरा आणि लोखंडी फासळीला सागाची फळी जिथे जोडली आहे ती जागा पाहा. 'गॅनेट'बद्दलचं माझं मत बदललं आहे. 'कॉन्डॉर'वर शिडं चढवणाऱ्यांबद्दलचं बदललेलं नाही.